खोटं सरळ

गाडी वळून आत येण्याआधी तिचा आवाज आत आला. जाड खाचांची टायरं डांबरावर घासली की एक घूंऽऽ निघतं, डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं. ओळंब्याने तो आवाज ओळखला आणि हातातला चहा अर्धाच खाली ठेवला. अशी गाडी आली की त्याच्या तोंडाची चवच जायची.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो, तो ओळंबा. या माणसाला तिरकं काही खपायचं नाही. भिंतीवरची तसबीर, ताटाशेजारचा चमचा, दारातल्या चपला, दिसेल ते सरळ करत सुटायचा. लग्नाला महिना होतो न होतो तोच बायकोने हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की गिऱ्हाइकंही त्याच नावाने हाक मारू लागली. धंदाही देवाने तोच दिला होता, गाड्यांची चाकं ओळीत आणायचा. पत्र्याची लांब शेड, मध्ये लोखंडी रॅम्प, पुढे खांबावर दोन कॅमेरे, आणि शेजारी एक पडदा. चाकं बरोबर असली की पडद्यावर हिरवं, चुकली की लाल.

शेडच्या मधोमध पत्र्याची आडभिंत होती. तिच्यापलीकडे साडूचं दुकान. शेड मुळात सासऱ्यांची. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत आणि दोन्ही जावई मामा म्हणत. दोन मुली, दोन जावई, शेडचे दोन वाटे. थोरल्याने गाड्या सरळ करायच्या, धाकट्याने उंच करायच्या. धाकट्याला गावाने शिडी म्हणायला सुरुवात केली, कारण त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीत चढायला शिडी लागायची. चांगली धडधाकट जीप घ्यायची, तिच्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा घालायच्या, वीतभर वर उचलायची, खाली रेड्याच्या मानेएवढी टायरं, वर दिव्यांची रांग, दारावर कवटीचं चित्र. मग मालक तिच्यासमोर हाताची घडी घालून फोटो काढणार, आणि शिडी तो फोटो जगभर पाठवणार. ओळंब्याला त्या कवट्या बघून मळमळायचं. मरणाचं चित्र हौसेने दारावर चिकटवून हिंडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे त्याला कधी सुचलंच नाही.

आज आलेल्या गाडीवर मात्र कवटी नव्हती. तिच्यातून, गच्चीवरून उडी मारावी तशी, गुरांच्या डॉक्टरबाई उतरल्या. शेणाने भरलेले बूट, रबराने आवळलेले केस, अंगाला गोठ्याचा वास. त्यांनी गाडी हौसेने उंच केली नव्हती. डोंगरावरच्या वस्त्यांवर जायच्या वाटेत धोंडे होते आणि खालून गाडी घासायची, म्हणून केली होती. महिन्याभरात त्या तिसऱ्यांदा अलाइनमेंटला येत होत्या.

त्यांनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं. साठच्या पुढे गेलं आणि एका बाजूचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, खुरकत झालेला बैल खुर झटकतो तसं. गेल्या आठवड्यात उतारावर ते इतकं झटकलं की गाडी पलीकडच्या बाजूला गेली. समोरून दगडांनी भरलेला ट्रक येत होता. त्यांना वाचवायला ट्रकवाल्याने आपला ट्रक चरात घातला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. परवापासून त्यांना लशीच्या पेट्या घेऊन डोंगर चढायचा होता, आणि तोच उतार रोज उतरायचा होता.

“मी भांडायला आले नाहीये,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच कळू दे, आजारी गाडी आहे की मी? तुमचे साडू तिन्ही वेळा म्हणाले, पलीकडे अलाइनमेंट नीट होत नसणार.”

पत्र्यापलीकडे शिडी फोनवर कुणाशी तरी मोठ्याने हसत होता. ओळंब्याने त्या बाजूला बघितलं नाही. गाडी रॅम्पवर घेतली, चाकांना पट्ट्या लावल्या. पडद्यावर सगळं हिरवंगार आलं.

“एवढं हिरवं,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “एखादी गाय आणून चरायला सोडू का?”

ओळंब्याला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मागच्या दोन्ही वेळी हे हिरवं बघून त्यानेच गाडी सोडली होती. पडद्याला काय कळतं? दोन चाकं एका दिशेला तोंड करून उभी आहेत, एवढंच. ती कशी रेललेली आहेत, त्यांना वळवणारा दांडा कुठल्या कोनात लटकतोय, हे पडदा बघत नाही, बघायचं तर माणसाने बघायचं. सायकलचा पुढचा दांडा जरा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपचंही तसंच असतं. ती वर उचलली की तो कल जातो, चाक पोरकं होतं आणि वाट फुटेल तिकडे बघतं. शिवाय पुढचा अख्खा धुरा एका बाजूला सरकतो. मग गाडी सरळ चाललेली असताना स्टिअरिंगचं चाक वाकडं दिसायला लागतं. त्याला औषध एकच. गाडीखाली झोपायचं, लांब दांड्यावरची नळी फिरवून त्याची लांबी नव्याने बसवायची. हात काळे होतात, डोळ्यांत माती पडते, अर्धा दिवस जातो.

पण या गाडीचं स्टिअरिंग तर सरळ दिसत होतं.

ओळंबा सीटवर चढून बसला. चाक मध्ये धरून डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. चांगले दोन फेरे गेलं. परत मध्ये आणून उजवीकडे फिरवलं. जेमतेम सव्वा फेरा आणि टणक. त्याने पुन्हा फिरवून बघितलं. मग पेचकस घेऊन हॉर्नचं झाकण काढलं.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि चाकावर एकेक रेघ असते, एकमेकींसमोर. इथे त्या दोन रेघा दोन बोटं लांब गेल्या होत्या. म्हणजे खाली काहीच केलेलं नव्हतं. वरचं चाक फक्त उपसून सरळ दिसेल असं परत बसवलं होतं. बिऱ्हाडाची भिंत कललीय म्हणून तसबीर तिरकी टांगावी, तसं. खाली स्टिअरिंगचा दांडा ज्या डब्यात शिरतो, त्यातले दाते मधोमध घट्ट असतात आणि कडेला सैल. आता गाडी सरळ चालायची ती त्या सैल दात्यांवर. बाईंच्या हातात स्टिअरिंग नव्हतंच, स्टिअरिंगचा देखावा होता.

ओळंब्याने शिडीला मनातल्या मनात शिवी दिली आणि नटावर बोट फिरवलं. बोटाला पांढरं, चिकट काहीतरी लागलं. त्याने ते नखाने खरवडलं, नाकाशी नेलं.

मेणबत्ती.

ते मेण त्याच्या ओळखीचं होतं. लग्नाच्या कितीतरी आधी, याच शेडमध्ये तो काम शिकायला आला तेव्हा मिस्त्रींनी पहिल्या दिवशी हे दाखवलं होतं. कुठलाही नट बंद करण्याआधी आट्यांवरून मेणबत्ती फिरवायची. गंज धरत नाही, पुढे कधी उघडायची वेळ आली तर सहज निघतो. “आपल्या मागून येणाऱ्याचा हात सोलायला नको,” असं म्हणाले होते. एवढं मायेचं वाक्य ओळंब्याने कुठल्या कारागिराच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते ऐकलं तेव्हाच हा माणूस त्याला बापासारखा वाटला होता. त्याची मुलगी मागायचा धीर त्यातूनच झाला. आजूबाजूच्या गॅरेजांत दुसरं कुणीही मेण वापरत नव्हतं. शिडी तर नटाला हातोडीने ठोकायचा.

तो खाली उतरून गाडीखाली शिरला. दांड्यावरच्या नळीवर कारखान्याचा रंग जसाच्या तसा होता, पाना तिला शिवलाही नव्हता. थरथर लपवायला दोन जाडजूड डॅम्पर बसवले होते, नारिंगी रंगाचे, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे. त्यातल्या एकातून तेल पाझरत होतं.

बाहेर येऊन त्याने हात पुसले. पुसले तरी पांढरं काही जाईना. गाडी आज इथेच राहू द्या, संध्याकाळी या, सगळं सांगतो, एवढंच तो म्हणाला. डॉक्टरबाई पिशवी खांद्याला लावून बसच्या थांब्याकडे चालत गेल्या.

दुपारचं जेवण शेडच्या मागे, मामांच्या घरी, सगळ्यांचं एकत्र व्हायचं. थोरली, म्हणजे ओळंब्याची बायको, वाढत होती. धाकटी पाणी भरत होती. शिडी एका हाताने जेवत होता आणि दुसऱ्या हाताने फोनवर चित्रफीत दाखवत होता. कुणाची तरी उंच गाडी चिखलातून उड्या मारत चालली होती. मामा मान डोलवून बघत होते. अलीकडे ते खूश असायचे. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं दारात खुर्ची टाकून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. चारेक महिन्यांपासून मात्र पुन्हा खाकी डगला चढवून सकाळी शिडीच्या दुकानात जात होते. घरात सगळ्यांना बरं वाटलं होतं. ओळंब्यालाही.

मामांनी मीठ पुढे केलं. त्यांच्या अंगठ्याच्या नखात पांढरी रेघ होती. ओळंब्याने ताट मागे ओढलं.

“जावईबापू,” मामा हसून म्हणाले, “मीठच आहे, विष नाही.”

ओळंब्याने विचारलं, डॉक्टरबाईंच्या गाडीचं स्टिअरिंग कुणी काढलं होतं. त्याला वाटलं होतं मामा चपापतील. मामा चपापले नाहीत. खुर्चीत जरा ताठ बसले आणि कौतुकाने सांगू लागले. वाकडं दिसत होतं, सरळ करून दिलं. चाक उपसताना दात्यांना ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. खाली झोपून आता काम होत नाही, पण हे बसून करता येतं. हा पोरगा स्वतः येऊन म्हणाला, मामा, तुमच्यासारखा हलका हात कुणाचा नाही. मग येईल त्या गाडीचं करून देतो.

शिडीने फोन ठेवला. गिऱ्हाइकाला सरळ दिसलं की झालं, असं त्याचं म्हणणं. खाली झोपून नळी फिरवत बसलो तर दिवसाला एक गाडी निघणार नाही, आणि मामांनाही विरंगुळा.

“विरंगुळा,” थोरली म्हणाली. “मग पत्ते आणून द्यायचे होते.”

ओळंब्याने ट्रकची गोष्ट सांगितली. चराची, मोडलेल्या हाडाची. शिडी म्हणाला, ट्रकवाला प्यायलेला असणार, ते सगळे पितात. आणि त्याने पुढचा घास घेतला. तो घास चावतानाचा आवाज ओळंब्याला इतका नकोसा झाला की त्याने नजर ताटावरून उचलली आणि मामांकडे नेली. “डब्याचा मध्य सरकवला की गाडी सैल दात्यावर जाते, हे मला कुणी शिकवलं, मामा?”

मामा म्हणाले, शिकवलं असेल, पण आजवर एकही गाडी परत आलेली नाही. मी रोज बघतो, मजेत बाहेर पडतात.

तेव्हा ओळंब्याच्या लक्षात आलं. मामा गाड्या बाहेर पडताना बघत होते. त्यातल्या एकीतही ते कधी बसलेले नव्हते. उभ्या गाडीचं स्टिअरिंग काढायचं, उभ्या गाडीचं बसवायचं, आणि हात हलवून निरोप द्यायचा.

“चला,” तो म्हणाला. “एक चक्कर मारून येऊ.”

मामांना त्या गाडीत चढवणं म्हणजे कपाट माडीवर नेण्यासारखं झालं. एका बाजूने ओळंबा, दुसऱ्या बाजूने शिडी. मधल्या मधे मामांचा डगला वर गेला आणि ते दोघांनाही लहान पोरांसारखं रागावले. शिडीने त्यांना बसतं केलं आणि स्वतःला फोन आल्याचं सांगून तो दूर झाला. फोन वाजलेला नव्हता. शिडीला धोका माहीत होता, हे त्या क्षणी ओळंब्याला कळलं. आपण उंच केलेल्या गाडीत तो स्वतः कधी वेगाने जात नव्हता.

दगडखाणीमागचा रस्ता दुपारी मोकळा असतो. मामा सुरुवातीला खुशीत होते. एवढ्या उंचावरून शेतं दिसतात, म्हणाले. स्टिअरिंग बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवलं तरी गाडी दखल घेत नव्हती. मग एकदम आपल्या मनाने घ्यायची. चाळीस, पन्नास, साठ. पुढे रस्त्याच्या डाव्या कडेला एक खळगा होता. त्याने डावं चाक त्यात जाऊ दिलं.

आधी हातात मुंग्या आल्या. मग अख्खी गाडी, माणसाला थंडी भरावी तशी, दातांपासून हलू लागली. स्टिअरिंग हातातून सुटून डावी-उजवीकडे झटके देत होतं. आरसे, दारं, सीटा, सगळ्याला कुणीतरी धरून गदागदा हलवत होतं. मामांचा चष्मा उडाला. त्यांनी समोरची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि देवाचं नाव घेतलं, पण त्याचेही तुकडे तुकडे होऊन बाहेर पडले. ओळंब्याने ब्रेक दाबला नाही. त्याने फक्त पाय उचलला आणि वाट बघितली. वेग उतरत उतरत वीसवर आला तेव्हा ते थांबलं, जसं काही झालंच नव्हतं.

गाडी कडेला उभी राहिली. मामांनी दार उघडलं आणि पायरीच्या चकचकीत पत्र्यावर जेवण ओकलं. ओळंब्याने त्यांची पाठ धरून ठेवली. हात पाठीवर होता, माया कुठे गेली होती ते त्याला कळत नव्हतं. त्यांना पाणी दिलं, चष्मा शोधून दिला, तोंड पुसायला फडकं दिलं. मनात तो थांबला होता. आता हे काहीतरी म्हणतील. काहीही चाललं असतं. चुकलं, एवढंसुद्धा नको होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मामांनी चष्मा लावला. दाराबाहेर वाकून पुढच्या चाकाकडे बघितलं.

“डॅम्पर कमी पडतायत,” ते म्हणाले. “तिसरा लावायला सांगतो त्याला.”

ओळंब्याला त्या ओकारीची किळस आली नव्हती, पण आता आली. हा माणूस आपल्या हातचं मरण अंगावर घेऊन बसला, त्या मरणाने त्याला धरून हलवलं, पोटातलं बाहेर काढलं, आणि याच्या डोक्यात अजून हेच की ते झाकायचं कसं. परतताना ओळंब्याने वीसच्या वर वेग नेला नाही. मागून सायकली पुढे गेल्या.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. मामा खुर्चीत होते, शिडी पत्र्याला टेकून उभा होता, दोघी बहिणी मागच्या दारात. ओळंब्याने हॉर्नचं झाकण उघडून त्यांना दोन रेघा दाखवल्या, खाली कारखान्याचा रंग तसाच असलेली नळी दाखवली, आणि चाक कसं उपसून बसवलंय ते साध्या शब्दांत सांगितलं. कुणी बसवलं तेही सांगितलं. आपण दोनदा हिरवं बघून गाडी सोडली, हेही.

शिडी मध्ये पडला. म्हणाला, बाई, दोन मोठे डॅम्पर देतो, माझ्या खर्चाने. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं वाक्य गिळून बसला. त्यांनी मामांना विचारलं, अशा किती गाड्या बाहेर आहेत.

“असतील पंधरावीस,” मामा म्हणाले.

“असतील म्हणजे?” त्या त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या, म्हणजे डोळ्याला डोळा भिडेल. “आजोबा, एका गोठ्यात रोग निघाला तर मी एकाच गाईला टोचून घरी जात नाही. ज्याचं ढोर आहे त्याला मी माझ्याबरोबर घरोघर हिंडवते. त्याच्या तोंडून सांगायला लावते. काही मालक रात्रीतून आजारी जनावर विकून टाकतात, दुसऱ्याच्या दावणीला. अशा माणसाच्या घरचं पाणी मी पीत नाही.”

मामांची मान पहिल्यांदा खाली गेली.

आपली गाडी खाली उतरवा, जुन्या स्प्रिंगा परत घाला, दगडाला घासली तर घासू दे, असं डॉक्टरबाईंनी ओळंब्याला सांगितलं. आणि ती तयार होईपर्यंत लशीच्या पेट्यांसाठी ओळंब्याची स्वतःची जुनी व्हॅन मागून घेतली. किल्ली थोरलीने आतून आणून दिली, नवऱ्याला न विचारता.

त्या गेल्यावर शिडी तडकला. घरात असं बाहेरच्यासमोर उघडं पाडतात का, सगळ्या गाड्या परत येतील, लोक दुकान फोडतील, पोरंबाळं उपाशी मरतील. बोलता बोलता त्याच्या आवाजात रडू आलं आणि ते ऐकून ओळंब्याला दया यायला हवी होती, पण आली नाही. त्याला दिसत होता तो फक्त न वाजलेला फोन कानाला लावून मागे सरकणारा माणूस. तेवढ्यात धाकटी पुढे आली. तिने नवऱ्याच्या खिशातून तो फोन काढला, पुसला, आणि वडिलांच्या मांडीवर ठेवला. गिऱ्हाइकं यातच आहेत, म्हणाली. एवढं बोलून आत गेली. शिडी तिच्यामागे गेला नाही, बाहेरही पडला नाही. तिथेच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी ओळंबा शेड उघडायला आला तर मामा आधीच येऊन बसलेले. खाकी डगला घातला होता. शिडी अजून उठलेला नव्हता किंवा उठून खोलीत बसला होता. ओळंब्याने रॅम्पवर जीप घेतली, शिडीच्या दुकानातून जुन्या स्प्रिंगा आणून ठेवल्या. त्या कामात मामांनी हात पुढे केला आणि एक स्प्रिंग उचलू लागले. “ते राहू द्या,” ओळंबा म्हणाला. त्या हातांकडे बघवत नव्हतं. “तुमचं काम ते.” आणि त्याने खिडकीतल्या फोनकडे बोट दाखवलं.

मामांनी पहिला नंबर लावला. पलीकडून कुणी बोललं तसे मामा खुलले. आवाजात एकदम जुना मिस्त्री आला. म्हणाले, नमस्कार, आमच्याकडे खास गिऱ्हाइकांसाठी फुकट तपासणी ठेवली आहे, गाडी घेऊन या, सवड मिळेल तसं या, घाई नाही.

ओळंबा गाडीखालून बाहेर आला. त्याने मामांच्या हातातून फोन काढून घेतला आणि त्या माणसाला गाडी आज चालवू नका, थोड्या वेळाने परत फोन येईल, असं सांगून बंद केला. त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायलाही समोरच्याबद्दल थोडी आशा लागते.

“काय सांगू मग?” मामा म्हणाले. “त्याने शिव्या दिल्या तर?”

“द्यायला हव्यात.”

“तू बोल. तुला नीट सांगता येतं.”

“मी बसवलं नव्हतं, मामा.”

मामा बराच वेळ फोन हातात धरून बसले. ओळंबा उभा राहिला. काम खोळंबलं होतं, तरी उभा राहिला. शेवटी मामांनी तोच नंबर पुन्हा लावला. या वेळी आवाजात मिस्त्री नव्हता, कुणीच नव्हतं. “मी उंच गाडीवाल्याचा सासरा बोलतोय. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग मी काढून सरळ बसवलं होतं. ते खोटं सरळ आहे. खाली काही केलेलं नाही. गाडी चालवू नका. घरातल्या कुणाला देऊ नका.”

पलीकडच्या माणसाला समजायला थोडा वेळ लागला. मग फोनमधून आवाज येऊ लागला, लांब उभ्या असलेल्या ओळंब्यालाही ऐकू येईल एवढा. त्या माणसाची लेक ती गाडी घेऊन रोज कामाला जात होती. मामांनी फोन कानापासून दूर धरला नाही. सगळं ऐकलं. मध्ये एकदा ‘हो’ म्हणाले, एकदा ‘बरोबर आहे’ म्हणाले. पलीकडचा माणूस दमून थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, लेक आत्ता कुठे आहे.

ती निघून गेली होती. बाप तिला अडवायला दुसऱ्या फोनवर धावला.

मामांचे ओठ हलत होते. ओळंब्याने त्यांना पाण्याचा ग्लास दिला, पण बोटाला बोट लागू दिलं नाही. काही वेळाने फोन आला. लेक रस्त्यात पेट्रोलपंपावर सापडली होती, गाडी तिथेच उभी करून चालत घरी येत होती. मामांनी ते ऐकलं, डोळे मिटले, आणि मग पुढचा नंबर लावला. हे बोलायला त्यांना आता कमी वेळ लागेल, असं ओळंब्याला वाटलं आणि तसं वाटल्याचाही त्याला वीट आला.

तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. जुन्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या, त्या मापाने लांबी बसवायला दांड्यावरच्या नळीला पाना लावला. ती पहिल्यांदाच फिरत होती, कारखान्याचा रंग सोलून डोळ्यांत पडत होता. वरून मामांचा आवाज येत होता, तोच, तेवढ्याच शब्दांत, दुसऱ्या कुणाला तरी.